नगर परिषदेची निवडणूक लढवायची आहे? आधी मतदार यादी हातात घ्या

मध्य प्रदेशातल्या नगरीय निकायांची, म्हणजे शहरी स्थानिक संस्थांची, मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली. मुदत पाच वर्षांची, म्हणजे पुढची २०२७ मध्ये. राऊ, महूगाव, बेटमा, हातोद, देपालपूर, गौतमपुरा, सांवेर, मानपूर अशा इंदूर जिल्ह्यातल्या एखाद्या नगर परिषदेच्या हद्दीत तुम्ही राहत असाल आणि त्या वेळी आपण पार्षदाच्या (नगरसेवकाच्या) निवडणुकीला उभे राहावे असे मनात असेल, तर तयारी आत्ताच सुरू करायला हवी. २०२२ मध्ये मी माझ्या जाऊबाईंची निर्वाचन अभिकर्ता, म्हणजे निवडणूक प्रतिनिधी, होते. हात जोडायचे काम त्यांचे आणि कागद सांभाळायचे माझे, अशी आमची वाटणी होती. त्या कागदांच्या ढिगाऱ्यात जे समजले ते सांगते.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकते. बॅनर, गाड्या, ढोल हे सगळे डोळ्यांना दिसते, म्हणून नवीन माणूस तिथेच पैसा आणि जीव ओततो. नगर परिषदेचा वॉर्ड छोटा असतो. हजार-दोन हजार मतदार, आणि हार-जीत कित्येकदा वीस-पंचवीस मतांची. अशा ठिकाणी ज्याने मतदार यादी नीट वाचली त्याचेच पारडे जड असते.

१. आपली संस्था कोणती ते पक्के करा

महू शहर छावणी परिषदेत आहे. तिथली निवडणूक छावणी अधिनियम २००६ प्रमाणे होते आणि ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. त्याला लागूनच असलेले महूगाव मात्र नगर परिषद आहे. इंदूरच्या कडेच्या नव्या कॉलन्यांमध्येही काही घरे महापालिकेत, काही नगर परिषदेत, काही अजून ग्रामपंचायतीत असा प्रकार आहे. पत्त्यात काय लिहिले आहे त्यावर जाऊ नका. मालमत्ता कराची पावती कोणाच्या नावाची येते ते बघा.

महापालिकांना मध्य प्रदेश नगर पालिक निगम अधिनियम १९५६ लागू होतो, तर नगर पालिका आणि नगर परिषदांना मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम १९६१. निवडणूक घेतो मध्य प्रदेश राज्य निर्वाचन आयोग. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ मध्ये तो स्थापन झाला. लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निर्वाचन आयोग वेगळा, त्याची यादी वेगळी, त्याचे फॉर्म वेगळे. इंटरनेटवर शोधताना हे भान ठेवा, नाहीतर विधानसभेचे नियम पाठ करून बसाल.

आपल्या इथल्या मराठी लोकांच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. पुण्या-नाशिकचे मामा किंवा काका फोनवर सल्ला देतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ते महाराष्ट्राचे नियम सांगत असतात. महाराष्ट्रात दोन अपत्यांची अट आहे, बऱ्याच ठिकाणी एका प्रभागात अनेक नगरसेवक असतात. इथे एका वॉर्डाचा एक पार्षद, आणि दोन अपत्यांची अट इथल्या नगरीय निवडणुकीला नाही. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी तिसऱ्या मुलामुळे आपण उभ्याच राहू शकत नाही असे समजून नाद सोडला होता. आपला कायदा आपल्याच राज्याचा वाचा.

पार्षदासाठी वय २१ पूर्ण हवे. अध्यक्षपदाचे नियम मात्र सतत बदलत आले आहेत. २०२२ मध्ये नगर परिषदेचा अध्यक्ष पार्षदांनी आपल्यातून निवडला. त्यानंतर सरकारने पुन्हा थेट जनतेतून निवडण्याचा निर्णय घेतला. अध्यक्षपदावर डोळा असेल तर अधिसूचनेचा शब्द न् शब्द वाचल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

२. मतदार यादी

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण बहुतेक उमेदवार इथे सगळ्यात कमी थांबतात.

नगर परिषदेची मतदार यादी वॉर्डवार असते आणि विधानसभेच्या यादीपासून वेगळी असते. "मी तर गेल्या विधानसभेला मत दिलंय" हे इथे चालत नाही. विधानसभेच्या यादीतले नाव वॉर्डाच्या यादीत भलत्याच वॉर्डात गेलेले असू शकते किंवा गळलेलेही असू शकते. उमेदवाराचे नाव त्या नगर परिषदेच्या यादीत असलेच पाहिजे. वॉर्ड कोणताही चालतो. तुमचे नाव वॉर्ड ४ मध्ये असेल तरी वॉर्ड ९ मधून उभे राहता येते, फक्त तेव्हा यादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. प्रस्तावक, म्हणजे सूचक, मात्र ज्या वॉर्डातून लढणार त्याच वॉर्डाचा मतदार हवा. जवळचा मित्र म्हणून पलीकडच्या वॉर्डातल्या माणसाची सही घेतलीत तर पर्चा, म्हणजे उमेदवारी अर्ज, छाननीत उडतो.

यादीचे प्रारूप प्रसिद्ध झाले की दावे-आपत्तीसाठी, म्हणजे मागण्या आणि हरकतींसाठी, थोडे दिवस मिळतात. ती मुदत म्हणजे तुमची खरी निवडणूक. नाव घालणे, वगळणे, दुरुस्त करणे हे सगळे तेव्हाच होते. एकदा यादी अंतिम झाली की मग कितीही चकरा मारा.

आम्ही काय केले ते सांगते. प्रारूप यादी छापून घेतली, पानांना डावीकडे भोके पाडून फाइल केली आणि जेवणाच्या टेबलावर चार रंगांची पेनं घेऊन बसलो. हिरवा म्हणजे माणूस इथेच राहतो. लाल म्हणजे वारला. निळा म्हणजे नोकरीला बाहेर, पण मतदानाला येऊ शकतो. काळा म्हणजे कोण आहे कोणालाच ठाऊक नाही. मग संध्याकाळी पाच ते सात या वेळात गल्ली-गल्लीने फिरलो. सकाळी जाऊ नका. बायका स्वयंपाकात असतात आणि पुरुष निघण्याच्या घाईत. संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या आजी अख्ख्या गल्लीची जनगणना सांगतात. कोणाची सून आली, कोणाची मुलगी लग्न होऊन उज्जैनला गेली, कोणाच्या घरी भाडेकरू बदलले, सगळे.

यात आपल्या घरांसाठी दोन खास अडचणी आहेत. पहिली नावाची. इथली यादी हिंदीत असते. त्यात काळे यांचे 'काले' होते आणि मुळे यांचे 'मुले'. आधार कार्डावर एक, यादीत दुसरे, दहावीच्या मार्कशीटवर तिसरे. मतदाराच्या बाबतीत हे निभते, उमेदवाराच्या बाबतीत आक्षेप येऊ शकतो. तुमचे नाव यादीत जसे आहे तसेच पर्चा आणि शपथपत्रात लिहा, नाहीतर मुदतीत दुरुस्ती करून घ्या. दुसरी अडचण सुनांची. आपल्याकडे लग्नानंतर अजूनही काही घरांत पहिले नावसुद्धा बदलतात. शाळेच्या दाखल्यावर सुनीता, यादीत मीनल, बँकेत मीनल आणि मालमत्तेच्या कागदावर पुन्हा सुनीता. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे शपथपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला आधीच तयार ठेवा.

२०२२ मध्ये राज्यात बऱ्याच ठिकाणी मतदारांना मतदार चिठ्ठ्याच मिळाल्या नाहीत, मतदान केंद्रे बदलली, एका घरातली माणसे वेगवेगळ्या केंद्रांवर गेली अशा तक्रारी आल्या. लोक मत न देता घरी परतले. ज्या उमेदवाराकडे स्वतःची तपासलेली यादी होती, त्याच्या माणसांनी मोबाइलवर नाव शोधून मतदाराला योग्य केंद्राकडे पाठवले. त्या दिवशी टेबलावर बसलेली दोन शहाणी पोरे शंभर बॅनरांच्या तोडीची असतात.

३. आरक्षण आणि जातीचा दाखला

वॉर्डांचे आरक्षण चिठ्ठ्या टाकून, लोकांसमोर निघते. मध्य प्रदेशात नगरीय निकायांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. म्हणून दोन वर्षे एकाच वॉर्डात घाम गाळायचा आणि सोडतीत तो हातचा जायचा, हे पुष्कळांच्या बाबतीत होते. शेजारचा एक वॉर्ड पर्याय म्हणून मनात ठेवा आणि तिथली यादीही वाचा.

आता ज्याबद्दल मला फार कळकळ वाटते ते सांगते. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या असतात. महाराष्ट्रात काढलेला जातीचा दाखला दाखवून मध्य प्रदेशातली राखीव जागा लढवता येत नाही. जात मध्य प्रदेशाच्या यादीत हवी आणि दाखला इथल्या सक्षम अधिकाऱ्याचा हवा. त्यातही जात जन्माने, म्हणजे वडिलांकडून येते, नवऱ्याकडून नाही. अकोला किंवा जळगावहून लग्न होऊन इंदूरला आलेली सून सासरच्या जातीच्या जोरावर राखीव जागेवर उभी राहिली, तर छाननीत पर्चा जाऊ शकतो, आणि निवडून आल्यावर कोर्टात निवडसुद्धा. आपल्या समाजात अशी लग्ने घरोघरी आहेत. घरात तावातावाने नाव ठरवण्याआधी एखाद्या जाणत्या वकिलाला दाखला दाखवा. खुल्या महिला जागेवर मात्र तिला कोणीच अडवू शकत नाही.

४. थकबाकी आणि अपात्रता

नगर परिषदेचे देणे थकलेले असेल तर अडचण येते. मालमत्ता कर, नळपट्टी, परिषदेच्या दुकानाचे भाडे हे सगळे आलेच. घर सासऱ्यांच्या नावावर आणि दुकान दिरांच्या नावावर असले तरी एकदा सगळी खाती तपासून घ्या, कारण समोरची बाजू तेच उकरून काढते. पैसे भरल्यावर सीएमओ (मुख्य नगरपालिका अधिकारी) कार्यालयातून अदेय प्रमाणपत्र, म्हणजे बोलण्यातले नो ड्यूज, घ्या. वीज कंपनीचेही काढून ठेवा. अधिसूचना निघाल्यावर या खिडक्यांवर रांगा लागतात आणि सही करणारा साहेब नेमका मीटिंगला गेलेला असतो. आम्हाला एका कार्यालयात "उद्या या" इतक्यांदा ऐकावे लागले की शेवटी जाऊबाई डबा घेऊन तिथेच बाकावर बसल्या. संध्याकाळी कागद मिळाला.

सरकारी किंवा परिषदेची लाभाची नोकरी, परिषदेच्या कामाचे ठेके, काही गुन्ह्यांतली शिक्षा यांमुळेही अपात्रता येते. नवरा परिषदेला मुरूम पुरवतो आणि बायको पार्षद व्हायला निघाली आहे, अशा घरांनी आधी कायदेशीर सल्ला घ्यावा.

५. कागदांची थैली

एक जाड प्लास्टिकची थैली घ्या आणि त्यात हे जमवा:

- नाम निर्देशन पत्र, म्हणजेच पर्चा, प्रस्तावकाच्या सहीसह
- स्टँप पेपरवर नोटरी केलेले शपथपत्र: गुन्हेगारी प्रकरणे, स्वतःची, जोडीदाराची व अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता, देणी, शिक्षण
- मतदार यादीतली उमेदवार आणि प्रस्तावक दोघांच्या नोंदीची प्रत. वॉर्ड वेगळा असेल तर प्रमाणित प्रत
- राखीव जागा असेल तर मध्य प्रदेशाचा जातीचा दाखला
- अदेय प्रमाणपत्रे
- जमानतीची (अनामतीची) रक्कम भरल्याची पावती
- निवडणुकीसाठी उघडलेल्या बँक खात्याचा तपशील
- फोटो, सहीचा नमुना, ओळखपत्र
- पक्षाकडून लढत असाल तर पक्षाचा बी फॉर्म, म्हणजे तुम्ही अधिकृत उमेदवार असल्याचे पत्र

२०२२ मध्ये जमानत नगर परिषदेच्या पार्षदासाठी १,००० रुपये, नगर पालिकेसाठी ३,००० आणि महापालिकेसाठी ५,००० होती. महिला आणि राखीव वर्गातल्या उमेदवारांना निम्मी. पुढच्या वेळी आकडे बदलू शकतात, तेव्हा अधिसूचना पाहा.

शपथपत्राबद्दल एकच सांगते: एकही रकाना कोरा सोडू नका. गाडी नाही, सोने नाही, कर्ज नाही, तरी तिथे 'निरंक' असे लिहायचे. इथल्या कार्यालयांत हाच शब्द चालतो. पर्चा भरायच्या दिवशी आमच्यापुढे उभ्या असलेल्या एका तरुण उमेदवाराने जोडीदाराच्या मालमत्तेची सगळी पाने रेघ मारून सोडली होती, कारण त्याचे लग्नच झाले नव्हते. त्याला परत पाठवले. दुपारची वेळ, नोटरी जेवायला गेलेला. बिचारा उन्हातान्हात मोटरसायकलवर नवीन शपथपत्र करायला पळाला. त्याच्या नशिबाने तो शेवटचा दिवस नव्हता.

६. पर्चा, छाननी, माघार, चिन्ह

२०२२ चे वेळापत्रक नजरेखाली घाला, म्हणजे वेग कळेल. ११ ते १८ जून पर्चे भरणे, २० जूनला छाननी, २२ जूनला माघार आणि चिन्हे, ६ आणि १३ जुलैला दोन टप्प्यांत मतदान. पहिल्या टप्प्यातल्या उमेदवाराला चिन्ह हातात आल्यावर दोनच आठवडे मिळाले. म्हणूनच यादीचे काम आधी उरकायला सांगते आहे.

पर्चा आयोगाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन भरता येतो, एमपी ऑनलाइनच्या किऑस्कवरही भरून देतात. पण त्याची छापील प्रत सही करून रिटर्निंग ऑफिसरच्या (निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या) हातात द्यावीच लागते. नुसते ऑनलाइन भरून 'झाले' असे समजणारे दरवेळी निघतात. शेवटचा दिवस टाळा. त्या दिवशी मुहूर्त, ढोल आणि हार यांच्या नादात अर्धे उमेदवार दार बंद व्हायच्या बेताला पोचतात. मुहूर्त बघायचाच असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांतला बघा.

छाननीला स्वतः किंवा तुमच्या अभिकर्त्याने हजर राहायचे. आपल्या पर्च्यावर कोणी आक्षेप घेतला तर उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते. मी यादीच्या प्रमाणित प्रतीचे तीन संच जवळ ठेवले होते आणि त्यातला एक कामी आला.

माघारीच्या दिवशी सगळ्यात जास्त दबाव येतो. अपक्षाला तर विशेष. पक्षाची मोठी माणसे घरी येतात, चहा पितात, "अगली बार पक्का आपका" म्हणतात. घरातल्या सगळ्यांनी मिळून आदल्या रात्रीच काय ते ठरवा आणि त्या दिवशी फोन एकाच माणसाकडे द्या.

मध्य प्रदेशात पंचायतीच्या निवडणुका पक्षविरहित होतात, नगर परिषदेच्या पक्षचिन्हांवर होतात. अपक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतून निवडावे लागते. पसंतीक्रम लिहिताना म्हाताऱ्या माणसाला मशीनवर पटकन ओळखू येईल असे आणि एका शब्दात उच्चारता येईल असे चिन्ह मागा.

७. खर्चाची वही

२०२२ मध्ये नगर परिषदेच्या पार्षदाला ७५ हजार रुपयांची खर्चमर्यादा होती; इंदूर महापालिकेच्या पार्षदाला ८ लाख ७५ हजार. ७५ हजार ऐकायला बरे वाटतात, पण पाहता पाहता संपतात. वेगळे बँक खाते उघडा आणि पर्चा भरल्या दिवसापासून निकालापर्यंतचा प्रत्येक खर्च वहीत त्याच दिवशी लिहा.

चहा, पोहे, कचोरी, खुर्च्या, मंडप, गाडी या सगळ्यांचे दर जिल्हा निर्वाचन कार्यालय ठरवून देते. दुकानदाराने ओळखीपाळखीत पोहे फुकट दिले तरी तुमच्या खात्यात ते ठरलेल्या दराने धरले जाऊ शकतात. भाच्याने प्रेमाने बॅनर छापून आणले, तोही खर्चच. कार्यकर्त्यांना नाश्ता द्यायचा आहे तर एकाच दुकानातून बिल घेऊन द्या.

८. प्रचार

कायद्याचे आधी पटकन सांगते. परवानगीशिवाय कोणाच्याही भिंतीवर लिहिणे, चिकटवणे मध्य प्रदेश संपत्ती विरूपण निवारण अधिनियम १९९४ खाली येते. विजेच्या खांबांना तर हातच लावू नका. लाउडस्पीकरला कोलाहल नियंत्रण अधिनियम १९८५ लागू होतो. आधी परवानगी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा पूर्ण बंद. पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे, तेव्हा कापडीच घ्या. मतदान संपण्याच्या वेळेआधी ४८ तास जाहीर प्रचार थांबतो.

बाकी खरे काम घरोघरी. आपल्या गावात मराठी घरे मोजकी असतात, गणेशोत्सवात आणि हळदीकुंकवाला भेटणारी. त्यांचे प्रेम गृहीत धरू नका, त्यांच्याही दारी जा; पण तेवढ्यावर वॉर्ड निघत नाही. म्हाताऱ्या मतदारांशी माळवीत चार शब्द बोललात तर ओळख लगेच पुढे सरकते. चिपळूणहून लग्न होऊन इंदूरला आलेल्या सुमित्राताई महाजनांनी सुरुवात इंदूर महापालिकेतल्या पार्षदकीपासून केली, १९८४-८५ मध्ये उपमहापौर झाल्या आणि १९८९ पासून आठ वेळा इंदूरच्या खासदार म्हणून निवडून आल्या. सगळ्या शहराने त्यांना 'ताई' म्हटले, ते काही मराठी मतांच्या मोजणीमुळे नव्हे. ग्वाल्हेरला विवेक शेजवलकर दोनदा महापौर झाले आणि मग खासदार. वाट मळलेली आहे.

दारात लोक काय विचारतात ते आधीच समजून घ्या. नाली, दिवाबत्ती, कचरागाडी, नळाची वेळ, रस्त्यावरचा खड्डा ही परिषदेची कामे आहेत. सरकारी जमिनीचा पट्टा महसूल खात्याचा विषय. शाळेतल्या शिक्षकाची बदली तुमच्या हातात नाही. आणि नर्मदेचे पाणी! इंदूरला ते १९७८ पासून येते, सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून उचलून. त्यामागे केवढे पंप, केवढी वीज आणि केवढा पैसा लागतो याची कल्पना न ठेवता "नर्मदा आणून देतो" असे वॉर्डाच्या उमेदवाराने बोलू नये. आम्ही पत्रकावर तीनच कामे लिहिली होती, तिन्ही परिषदेच्या अधिकारातली, आणि गल्लीच्या नावासकट. एका आजोबांनी ते पत्रक घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "भिया, इसमें हमारी नाली का नाम लिखा है।" त्या वाक्याने आम्हाला पुढचे सगळे दिवस बळ दिले.

उमेदवार बाई असेल तर दारात तिनेच बोलले पाहिजे. नवरा, दीर, सासरे मागे उभे राहू देत. २०२२ मध्ये सागर जिल्ह्यातल्या जैसीनगर पंचायतीत निवडून आलेल्या बायकांऐवजी त्यांच्या घरच्या पुरुषांनी शपथ घेतल्याची बातमी देशभर गेली. त्याची सुरुवात प्रचारातच होते. पत्रकावर नवऱ्याचा फोटो मोठा, फोन नंबर त्याचा, बोलणे त्याचे. मतदार त्यालाच ओळखतात आणि पुढची पाच वर्षे कामे घेऊन त्याच्याकडेच जातात. आम्ही फोन जाऊबाईंचा दिला. घरात थोडी कुरकुर झाली, पण तीच गोष्ट सगळ्यात बरोबर होती असे मला आजही वाटते.

९. मतदान आणि मोजणी

२०२२ मध्ये मतदान सकाळी ७ ते ५ होते. तुमचा मतदान अभिकर्ता मशीन सुरू होण्याआधी होणाऱ्या नमुना मतदानाला हजर हवा. मशीन शून्यावर आणल्याचे त्याने स्वतः बघावे आणि सीलचे क्रमांक लिहून घ्यावेत. या कामाला तोंडाळ माणूस नको, शांत आणि टापटीप अक्षराचा हवा. त्याला पाणी, डबा आणि यादीची प्रत द्या. मशीनवर नोटाचे बटण असते, हे लोक विचारतात तेव्हा सरळ सांगा.

दुपारी बारानंतर बाहेरच्या टेबलावरच्या मुलांनी हिरव्या नावांपैकी कोण आले नाही ते काढायचे आणि त्या घरी एकेकाने जायचे. गाडीत बसवून मतदार आणणे हा गुन्हा आहे, ते करू नका. फक्त आठवण करून द्या.

मोजणीला अभिकर्त्याने अभिलेखातले सीलचे क्रमांक आपल्या कागदाशी पडताळावेत. फरक वाटला तर तोंडी वाद न घालता लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. निवडणुकीला आव्हान द्यायचे झाले तर निवडणूक याचिकेची मुदत कमी असते, वकील आधीच बघून ठेवा.

१०. निकालानंतरचे तीस दिवस

जिंकणारा हारात बुडतो आणि हरणारा अंथरुणात, आणि दोघेही हिशेब द्यायचे विसरतात. निकालानंतर ३० दिवसांच्या आत निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निर्वाचन कार्यालयात द्यावाच लागतो, हरलात तरी. दिला नाही तर आयोग पुढची निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. वही, मूळ बिले, बँकेचे विवरण आणि शपथपत्र एकत्र बांधून द्या. आपल्याकडे पूर्ण संचाची झेरॉक्स ठेवा, आणि पोचपावतीवर तारीख व शिक्का आहे हे खिडकी सोडण्याआधी तिथेच वाचून घ्या.